अर्नेस्टीनचा पाचवा क्वार्टर

अर्नेस्टीन गॅड्सडेन पहिल्यापासूनच ताठ मानेची. तिची आई अलाबामात केशभूषेचं दुकान चालवायची. आलेल्या बायकांना ती कौतुकाने सांगायची, "आमची ही रांगत्या वयातही दुसऱ्याच्या मागे गेली नाही." हार्मन क्रीक कॉलेजात अर्नेस्टीन ट्रॉम्बोन घेऊन आली आणि तिसऱ्या वर्षी बँडची ड्रम मेजर झाली, म्हणजे पुढे राहून दंडाच्या इशाऱ्यावर सगळा बँड चालवणारी. पांढरा पोशाख, उंच तुरा, हातात चांदीच्या मुठीचा दंड. त्या जागी मुलगी आजवर कधी उभी राहिली नव्हती.

जुने विद्यार्थी भडकले. त्यांचे पुढारी मिस्टर पेटवे, स्वतः एके काळचे ड्रम मेजर. दर शनिवारी फुटबॉलच्या मॅचला पहिल्या रांगेत बसून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत, "चालते बरी. पण बँड आवरायला छाती लागते."

होमकमिंगच्या, म्हणजे जुने विद्यार्थी वर्षातून एकदा कॉलेजात परत येतात त्या दिवशी, सकाळी बँडचे प्रमुख डॉ. हॉलोवे यांनी तिला बाजूला घेतलं. "या म्हाताऱ्यांनी माझं डोकं खाल्लंय. आज गडबड झाली तर सोमवारी दंड बँडमधल्या सेड्रिककडे."

"गडबड होणार नाही, सर."

मॅच आम्ही हरलो. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण आमच्याकडे खरी मॅच नंतर असते. खेळाचे चार भाग, म्हणजे चार क्वार्टर, संपले तरी एकही माणूस जागचा हलत नाही. दोन्ही बँड आमनेसामने आळीपाळीने वाजवतात. हाच पाचवा क्वार्टर. त्याचा नियम एकच: समोरच्याचं संपेपर्यंत गप्प बसायचं.

पाहुण्यांचा बँड आमच्या दुप्पट, आणि माज चौपट. आमचं दुसरं गाणं रंगात आलं असतानाच त्यांनी ट्रम्पेट उचलले आणि सरळ आमचं गाणं बुडवत वाजवायला सुरुवात केली. आमची पोरं पेटली. सेड्रिक ओरडला, "मेजर, हाणू का? फाडून ठेवतो त्यांना!"

अर्नेस्टीनने दंड आडवा केला. थांबा.

बँड गप्प झाला. स्टँडमधून हुर्यो उठली. "घाबरली बघा!" मिस्टर पेटवे उभे राहून ओरडले. तिचे कान तापले, पण मान वळली नाही. समोरच्यांनी दोन गाणी मनसोक्त बडवली. त्यांच्यापेक्षा मोठ्याने वाजवून जिंकता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते दम घ्यायला थांबले तेव्हा ती पोरांना म्हणाली, "सकाळचं. हळू."

सकाळचं म्हणजे चर्चमधलं जुनं भजन. श्वास नीट बसावा म्हणून पोरं ते रोज सरावाआधी वाजवत. आमच्यात बारशापासून मयतापर्यंत ते गायलं नाही असं घर नाही. पहिली ओळ निघाली, तसा समोरच्या ड्रम मेजरने पुन्हा हात उचलला.

"खाली घे तो हात!" त्याच्याच बाजूची एक म्हातारी गरजली. "देवाच्या गाण्यावर कुरघोडी करतोस? आईने हेच शिकवलं का रे?"

हात खाली आला. मग त्यांचा अख्खा स्टँड उठला, टोप्या उतरल्या. दोन्हीकडची माणसं एकाच सुरात गाऊ लागली. शेवटच्या कडव्याला समोरच्या ड्रम मेजरनेही आपली तुऱ्याची टोपी काढून काखेत धरली.

शेवटचा सूर विरल्यावर अर्नेस्टीनने त्याच्याकडे पाहून हात पुढे केला: आता तुमची पाळी. त्याने नकारार्थी मान हलवली आणि बँडला बाहेरची वाट दाखवली. यानंतर वाजवणार काय, बिचारा!

आमच्या स्टँडने आभाळ डोक्यावर घेतलं. मिस्टर पेटवे डोळे पुसत खाली आले आणि हॉलोवेंवर घसरले, "हिच्याकडून दंड काढलास तर गाठ माझ्याशी आहे!"

"थँक यू, मिस्टर पेटवे, पण माझं मी बोलते," अर्नेस्टीन म्हणाली. "सर, पुढच्या वर्षीही मीच."

हॉलोवेंनी तिच्याकडे बघितलं, मग सेड्रिककडे. सेड्रिक केव्हाच रांगेत जाऊन तिच्या इशाऱ्याची वाट बघत उभा होता.