दीनाचे पाय

जावेच्या पाटल्या बघून किंवा शेजारणीचे शेतात राबणारे धाकटे दीर बघून पेणजवळच्या कासू गावच्या सगुणाला कधी हेवा वाटला नव्हता. पहिल्यांदा ती जळली ती एका बाईच्या पायांवर, शहाण्णव साली, मुंबईच्या सरकारी इस्पितळात.

त्या वर्षी लावणी उरकली आणि तिला जुलाब झाले. ते थांबले, पण पुढच्या आठवड्यात पायांतलं बळ गेलं. आधी चुलीपासून उठता येईना, मग भाकरी थापता येईना. नवऱ्याने, रघूने, तिला पेणला नेलं. तिथून मुंबईला पाठवलं.

शेजारच्या खाटेवर रोह्याची दीना होती. कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायली घरातली, ब्लाउज शिवून पोट भरणारी. तिलाही तोच आजार. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली होती. दोघींना चमच्याने भरवावं लागे. आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून सगुणाला धीर आला. वालाच्या बिरड्यात कांदा घालावा की नाही, यावर त्या पडल्या पडल्या भांडत.

मग दोघींच्या नसा तपासल्या. पावलावर पट्ट्या चिकटवून डॉक्टरीणबाई घोट्याशी आणि गुडघ्याशी विजेचे लहान झटके देत आणि पडद्यावर रेघ केव्हा उठते, किती उंच उठते ते बघत. दीनाची रेघ उशिरा उठली, पण चांगली उंच. सगुणाची वेळेवर उठली, पण जेमतेम.

रघूने विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, "दीनाबाईंच्या नसांचं वरचं आवरण गेलंय. ते लवकर भरून येतं. यांची आतली तारच दुखावलीय. ती हळूहळू वाढते. वर्ष जाईल, कदाचित जास्त."

"आजार एकच ना?" सगुणाने विचारलं.

"नाव एकच."

त्या दिवसापासून सकाळी डोळे उघडले की सगुणा आधी दीनाची पावलं बघे. दीनाची बोटं हलली. दीना टेकून बसली. दीना उभी राहिली, तेव्हा सगळ्या वॉर्डाला आनंद झाला आणि सगुणाने कूस बदलता येत नाही म्हणून नुसते डोळे मिटले. दीनाला ताप भरावा, असंही एकदा तिच्या मनात आलं. भरला नाही, याचं तिला वाईट वाटलं.

दीनाला ते कळलं असावं. "अजून चालणं जमत नाय गो," असं ती म्हणू लागली.

एका दुपारी रघूने सगुणाला चाकाच्या खुर्चीतून व्हरांड्यात नेलं. नळावरून तांब्या भरून दीना आधाराशिवाय येत होती. सगुणा दिसताच तिने भिंत धरली आणि एक पाय ओढू लागली.

"सोड ती भिंत," सगुणा म्हणाली.

"मला वाटलं, तुला..."

"मला जळायचं ते मी जळेन. पण माझी कीव करून लंगडू नको. चाल, मला बघू दे."

दीना व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. सगुणा रडत बघत राहिली. दीनाचेही डोळे भरले, पण ती थांबली नाही.

दीना घरी गेली, पुष्कळ उशिराने सगुणाही. पुढच्या वर्षी फेरतपासणीत तिची रेघ थोडी उंच उठली. पायाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून, काठी टेकत ती अंगणात फिरू लागली. दीना अधूनमधून गाडीने कासूला येई. एकदा तिला पोचवायला सगुणा स्वतः रघूबरोबर चालत स्टेशनावर गेली. वाटेत दोनदा बसावं लागलं.

गाडीची पायरी उंच होती. दीना सहज चढली. सगुणा तिच्या पायांकडेच बघत राहिली.

"अजून जळतंस?" दीनाने दारातून विचारलं.

"व्हय."

सगुणाने खूण केली तशी रघूने घरच्या तांदळाची जड पिशवी वर दिली.

"एवढं ओझं?" दीना म्हणाली.

"पाय चांगले हायत ना तुझे," सगुणा म्हणाली. "ने उचलून."