लमायच्या नावचं पाणी

बँकॉकच्या जुन्या पेठेत वरुतने हॉटेल काढलं, ते पहिल्यांदा पाहून त्याची आई चमोय पोट धरून हसली. खोलीत जेमतेम दहा माणसं मावत, आणि ताटलीत जेमतेम एक घास. तो घास म्हणे पूर्वी राजवाड्यात शिजत असे.

"एवढ्याशा घासावर राजे लढाया कशा मारत होते रे?" तिने विचारलं.

"आई, पाहुण्यांसमोर बोलत जाऊ नकोस," वरुत म्हणाला.

चमोयने जन्मभर कालव्याकाठी रस्साभात विकला होता. तोंड बंद ठेवून धंदा कसा करतात हे तिला ठाऊक नव्हतं.

हसू आटलं ते भिंतीवरच्या फोटोपाशी. फोटो तिच्या आईचा, लमायचा. खाली मात्र सोनेरी अक्षरांत भलतंच नाव होतं, किताबासकट: 'राजवाड्याच्या मुदपाकखान्याची मानकरीण, थाओ सुपन्ना'. लमाय राजवाड्यात होती हे खरं; पण मागच्या अंगणात, चादरी पिळायला. स्वयंपाकाशी तिचं सात जन्मांचं वैर. तिच्या हातचा भात खाली लागला नाही असं एकदाही झालं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं हे हॉटेल.

लमायचा स्मृतिदिन आला. भिक्षूंना सकाळचं जेवण हॉटेलातच वाढायचं, आणि नेहमीच्या बड्या पाहुण्यांनाही बोलवायचं, असं वरुतने ठरवलं. चमोय कबूल झाली, कारण दान कुठेही केलं तरी त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचतंच. तिने येताना टोमॅटोच्या रसातल्या माशांचा डबा आणला, फोडला, वर लिंबू पिळलं, मिरच्या चिरून टाकल्या. वरुतने तो वाडगा उचलून ओट्याखाली सरकवला.

"भिक्षूंना डब्यातले मासे वाढायचे? लोक काय म्हणतील, आई?"

"भिक्षूंच्या हातून माझ्या आईला पोचवायचेत. तिला हेच आवडायचं. तुझ्या कोरलेल्या काकडीवर ती उपाशी मरेल."

"ती मेलीच आहे, आई."

"म्हणूनच भूक लागली असेल," म्हणत चमोयने वाडगा काढून भिक्षूंपुढे ठेवला.

जेवणं झाली. थोरल्या भन्तेंनी पाठ सुरू केला. वरुत वाटीत पाण्याची बारीक धार सोडू लागला आणि चमोयने रीतीप्रमाणे, आपलाही हात लागावा म्हणून, त्याचं कोपर धरलं. आता ज्याचं नाव घ्यायचं त्याला जेवण पोचणार. आणि बाकीचे भिक्षू सूर मिळवतील तोवर पाणी संपायला हवं.

"थाओ सुपन्नाला पोचो," वरुत पुटपुटला.

"ही कोण भवानी?" चमोयने हळूच विचारलं.

"आई, नंतर."

"नंतर पाणी संपेल. आजीचं खरं नाव घे."

वरुतने पाहुण्यांकडे पाहिलं. सगळे हात जोडून कान देऊन बसले होते. त्याने पुन्हा थाओ सुपन्नाचंच नाव घेतलं.

चमोयचा राग तिथे संपला आणि तिला नुसतं दुःख झालं. तिने त्याच्या कोपरावरचा हात काढून घेतला. जवळच्या मेजावरचा पाण्याचा पेला उचलला, एका रिकाम्या ताटलीत धार धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लमाय. चादरी धुणारी लमाय. जेव गं, आई."

शेजारच्या मोत्यांची माळ घातलेल्या बाईने वरुतच्या कानाशी वाकून विचारलं, "लमाय कोण हो?"

"आमच्याकडे होती एक धोबीण," वरुत म्हणाला.

चमोयने ते ऐकलं. पेला रिकामा होईपर्यंत तिने धार तुटू दिली नाही.