कडब्यामागची फटफटी

फौजेतून सुटून आल्यावर मी सासुरवाडीला गेलो तो फटफटी आणायला. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

ती बातमी मला इटलीत कळली. सुभेदारांनी तंबूबाहेर बोलावून सांगितली आणि खांद्यावर हात ठेवला. मी ‘जी साब’ म्हणालो, परत आलो, आणि फौजेच्या फटफटीच्या चेनला तेल घालायचं राहिलं होतं ते घातलं. संध्याकाळी जेवलोही. बाकीच्यांना वाटलं, गडी धीराचा आहे. धीर कसला? कडक थंडीत बोटं बधिर होतात, चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं काहीतरी आतून झालं होतं. बोटीतून उतरून मुलखात आलो तरी ते गेलं नव्हतं.

लढाईआधी मी साताऱ्यात सर्व्हिस मोटारींच्या एका कारखान्यात मेकॅनिक होतो. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची मोडकी फटफटी मला मिळाली, ती मी सुट्टीच्या दिवशी खपून चालू केली. लग्नानंतर बायकोला तिच्यावर मागं बसवून पाटणला आमच्या घरी नेलं. घाटातल्या वळणांवर तिनं माझा सदरा इतका घट्ट धरला होता की शिवण उसवली. पाटणला भावजयीशी तिचं जमेना, म्हणून भरती होताना तिला माहेरी सोडलं, विट्याच्या पलीकडच्या एका गावात. फटफटीही तिथंच ठेवली. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, आणि तेव्हा गाडी दिसली की पोलिसही मागायचे आणि भूमिगत झालेली पोरंही. सासऱ्यांनी ती गोठ्याच्या पडवीत कडब्याच्या पेंढ्यांआड लपवली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. माझ्या तोंडाकडं बघून घरात रडारड होईल अशी तयारी मी वाटेत मनाशी केली होती. तसं काही झालं नाही. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, मोटार वेळेवर मिळाली का विचारलं आणि त्या चुलीकडं गेल्या. चहा झाल्यावर मामा आणि मी गोठ्यात गेलो. दोघांनी मिळून पेंढ्या बाजूला केल्या आणि गाडी अंगणात लिंबाखाली ओढून आणली. दोन्ही चाकं बसली होती. सीटचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं. स्टँडवर लावताना माझा हात सवयीनं टाकीखाली गेला. पेट्रोलचा कॉक बंद होता. मी गाडी उभी करताना नेहमी करायचो, तसा.

मी पान्हे मांडत होतो, तेवढ्यात मामा समोर उकिडवे बसले.

“पावनं, एक इचारायचं हाय,” ते म्हणाले. “ती आजारी पडली तवा आमी ही चालू करायला बघितली व्हती.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी तिच्या पोटात कळ उठली आणि ती वाकडीतिकडी व्हायला लागली. बैल शेजारच्या गावी नांगराला गेले होते. गावात एकजण मोटारीवर क्लीनर होता, तो नेमका घरी आला होता. तो म्हणाला, ही चालू झाली तर मी चालवीन, पोरीला मधे बसवू, तुम्ही मागं धरून बसा. दोघांनी आळीपाळीनं किक मारली. उतारावर ढकलून पाहिली. टाकी हलवली तर आत पेट्रोल वाजत होतं. मामांच्या पायातली वहाण निसटली आणि किकचा दांडा नडगीवर बसला. धोतर सारून त्यांनी मला ती खूण दाखवली. शेवटी बैल आले, बैलगाडी जुंपून विट्याच्या दवाखान्याकडं निघाले. विट्याच्या आधीच्या ओढ्यात तिनं जीव सोडला.

“तवा कशानं चालू झाली न्हाई, ते मला बगायचंय,” मामा म्हणाले. “तुमाला कळंल.”

मला ते कळलं होतं. कॉक उघडला नसेल तर टाकीतलं पेट्रोल खाली उतरत नाही, मग दिवसभर किक मारा. गाडी तेव्हा एवढी जुनी पडलेली नव्हती. कॉकची दांडी अर्धी फिरवली असती तर कदाचित चालू झाली असती. कदाचित नसतीही. मामांना दिसणार नाही असा मी टाकीला पुढून टेकून बसलो आणि दांडी अंगठ्यानं फिरवून ठेवली. मग प्लग खोलायला घेतला.

त्या दिवशी मी ती गाडी जेवढी खोलली तेवढी खोलायची गरज नव्हती. प्लगवर काळा थर होता. प्लग मी मामांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला आणि विचारलं, “ह्येच व्हतं काय?” मी म्हणालो, हेही असणार, पण एवढ्यानं अडत नाही. मग मॅग्नेटोचं झाकण काढलं. आतले पॉइंट हिरवट झाले होते. काचकागदानं घासताना मी त्यांना सांगितलं, ठिणगी इथं पडायची, ती दमटानं मेली. मामांनी मान हलवली. कार्बोरेटर उतरवला तर तळाशी जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकटा बसलेला, पेट्रोल यायचं जेटचं भोक बुजलेलं. सासूबाईंच्या झाडूची एक काडी मागून मी ते मोकळं केलं.

जुनं पेट्रोल ओतून टाकलं. त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. येताना विट्याहून डब्यात आणलेलं नवं घातलं. किक मारली. चौथ्या-पाचव्या वेळेला फटफट झाली, थोडा वेळ चालली आणि मेली. पुन्हा तेच. मामा उठून उभे राहिले होते, ते परत बसले. मला वाटलं जेटमध्ये कचरा राहिला, म्हणून कार्बोरेटर दुसऱ्यांदा उतरवला. तो स्वच्छ होता. तेव्हा टाकीच्या झाकणाकडं लक्ष गेलं. झाकणाला हवा घ्यायला बारीक छिद्र असतं. कुंभारमाशीनं त्यात माती भरून घर केलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल थोडं उतरून थांबत होतं. माती टोकरून मी ती मामांच्या तळहातावर ठेवली.

“एवढीशी माशी,” ते म्हणाले.

“आतली हवा कोंडली की गाडी चालत नाही, मामा.”

“म्हंजी तवा चालू झालीच नसती.”

“नसतीच झाली. मी असतो तरी झाली नसती.”

त्यांनी ती माती फेकली नाही, लिंबाच्या बुंध्याशी नीट ठेवली आणि हात झटकले. मी त्यांच्यावर दया केली असं कुणी समजू नये. कॉकचं सांगितलं असतं तर ते रडले असते, आणि त्यांच्यासोबत बसायला जे लागतं ते माझ्याकडं त्या वेळी नव्हतं. काम मात्र मला येत होतं.

झाकण लावून किक मारली आणि गाडी चालू झाली, चालूच राहिली. आवाज ऐकून सासूबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. सगळी गाडी थरथरत होती, तिच्याकडं त्या बघत राहिल्या. मग आत जाऊन भाकरी बांधून आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ऊन हुयाच्या आत निगा.” ऊन तर कधीच झालं होतं.

मामांना विट्याला बाजार करायचा होता. ते म्हणाले, बसू का मागं? आजवर ते कधी बसले नव्हते. पटक्याचं टोक गळ्याभोवती गुंडाळून बसले आणि दोन्ही हातांनी माझ्या कमरेला धरलं. गाववेशीबाहेर रस्ता वाईट होता, मी हळू चालवली. ओढा आला. पाणी नव्हतं, नुसती वाळू. मधोमध गेल्यावर मामांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

“हितं,” ते म्हणाले.

मी गाडी हळू केली. थांबू का, विचारलं.

“नगं. पुन्ना चालू हुयाची न्हाई. चला.”

चढ चढून आम्ही वर आलो. काहीतरी वाटेल म्हणून मी वाट पाहत होतो. इंजिनातून बारीक टकटक येत होती, टॅपेट ढिले असावेत, तीच मी विट्यापर्यंत ऐकत गेलो. मामा बाजारात उतरले, येत जावा म्हणाले, आणि बैलांच्या दाव्याचं बघायला गेले. मी साताऱ्याकडं वळलो.

पुढं सांगलीत मी स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं, दुसरं लग्नही केलं. त्या लग्नाला मामा आले होते. सांगलीच्या बाजाराला आले की ते गॅरेजात येऊन पिंपावर बसत आणि मी काय करतो ते बघत. त्या दिवसाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मोटारीची वेळ झाली की चहाचा कप खाली ठेवून उठत, आणि मी हात पुसून त्यांना स्टँडपर्यंत सोडायला जाई.