वाढत्या मापाचा स्वेटर

"ठेवा तो खाली."

"अगं, एक बाहीच उसवलीय अजून."

"एकच? मग दुसरीही उसवा. मी बसते बघत."

"दरवर्षी उसवतोच ना आपण? थंडी तोंडावर आली की..."

"आपण. आपण म्हणजे तिघं. असं एकट्याने, मी कामावरून यायच्या आत, चोरासारखं भिंतीकडे तोंड करून कधी बसलो होतो आपण?"

तो भिंतीकडून तिच्याकडे वळला. मांडीवर स्वेटर, पायाशी निघालेल्या लोकरीचा कुरळा ढीग. ती दारातच उभी होती. दिवसभर लॉंड्रीत इस्त्री करून आलेली, अंगाला गरम कापडाचा वास, खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच.

तो लिफ्टमन होता. बाजारपेठेतल्या एका जुन्या, उंच इमारतीत, लोखंडी जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये, एका स्टुलावर त्याची अर्धी हयात गेली होती. विणकाम आईकडून शिकला होता, पाय मोडून अंथरुणाला खिळला होता तेव्हा. पाय बरा झाला, सुया सुटल्या नाहीत. लिफ्टमध्येही मांडीवर विणकाम असायचंच. येणारे-जाणारे त्याला लोकरशेठ म्हणत.

"काय लोकरशेठ, कुठवर पोचलं?"

"काखेपर्यंत आलोय. आपण कितव्याला?"

बाप्यामाणसाने सुया हलवाव्यात याचं हसं करणारेही होते. त्यांना तो सांगायचा, "दिवसभर वर-खाली करून मी कुठेच पोचत नाही साहेब. निदान स्वेटर तरी पुढे सरकतो."

स्वेटर एकच. लेकीचा. ती चालायला लागली तेव्हा पहिला विणला, आणि मग दरवर्षी थंडीच्या आधी तोच उसवून पुन्हा विणायचा, एक माप मोठा. जुनी लोकर पुरायची नाही म्हणून एक नवा रंग भरीला घालायचा. रंग लेकीने निवडायचा. अशाने त्या स्वेटरवर इतके पट्टे झाले होते की शाळेत तिला पोरं विचारायची, तुझ्या बाबांचं रंगाचं दुकान आहे का.

उसवायचा दिवस म्हणजे घरात सोहळाच. तो टाके ओढायचा, बायको दोन्ही हात पुढे करून बसायची, तिच्या हातांवर लोकरीची लडी चढत जायची. मग लडी धुवायची, खिडकीच्या गजाला टांगायची, लोकरीचे कुरळे पीळ सरळ व्हावेत म्हणून खाली दाराचं जुनं कुलूप अडकवायचं. वाळली की लडी पुन्हा बायकोच्या हातांवर चढवून लोकरीचा गुंडा करायचा. ते लेकीचं काम. पण ती गुंडा फिरवायची नाही, टोक पोटाशी धरून स्वतःच गरागरा फिरायची. म्हणून तिचं नाव भिंगरी.

"अगं, लोकर गुंडाळायची, स्वतःला नाही," बायको ओरडायची. तिला उठता यायचं नाही, हात लडीत अडकलेले. ते हेरूनच भिंगरी आणखी दोन गिरक्या घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, भिंगरीला ताप आला. आठवड्यात घर रिकामं झालं. नऊ वर्षांची होती.

"मागच्या थंडीत मी माहेरी होते," बायको आता पिशवी खाली ठेवत म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तेच त्याला जास्त जड गेलं. "परत आले, कपाटात स्वेटर दिसला. रोज उशाला घेऊन झोपायचे. एकदा तोंडाला लावला, तर कोपराशी काहीच लागेना. मी रफू केलं होतं तिथे. वाकडंतिकडं. तुम्ही हसला होतात त्याला. म्हटलं, चुकून दुसरी बाही धरली असेल. तिलाही नाही. मग कळलं, बाहीच लांब आहे."

"दहाची झाली असती ती," तो म्हणाला.

"आणि हा राखाडी पट्टा? हा तिने घेतला असता? राखाडी बघून नाक मुरडायची पोर ती."

"दुकानात उभा राहिलो. कुणाला विचारणार? दुकानदार म्हणाला, मळखाऊ आहे."

"मळखाऊ." ती हसल्यासारखी झाली. "आणि आता अकराची करताय. मग बाराची. पुढे काय, लग्नाला शाल विणणार?"

"मग काय करू? हातच थांबत नाहीत ग माझे. थंडी आली की वाटतं, लहान होत असेल तिला."

"नाही होत लहान. तिने घातलेला होता तो, अहो. घामाचा, खडूचा, तिचा. तुम्ही तो उसवलात आणि धुतलात. कुलूप लावून टांगलात."

हे त्याला लागलं. आणि लागलं म्हणून तोही बोलून गेला. "तू काय ठेवलंस? फ्रॉक, दप्तर, बूट, सगळं बोचक्यात बांधून दिलंस ना?"

"वन्सं म्हणाल्या, डोळ्यांसमोर राहिलं की माणूस सावरत नाही."

"माझी बहीण काय, उद्या म्हणेल घराला दार नको. तू ऐकशील? हा स्वेटर वाचला, कारण बटण लावायला म्हणून लिफ्टमध्ये नेला होता मी."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. ती त्याच्यासमोर खाली बसली. उसवलेल्या बाहीचा धागा बोटाने चाचपला. मग म्हणाली, "परत विणून द्या मला."

"काय?"

"त्या वर्षीचा. नऊचा. जेवढा होता तेवढाच. रफू मी करते, तसंच वाकडं. आणि मग सुया ठेवून द्या. पुन्हा हात लावायचा नाही त्याला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. साखरसुद्धा स्वतः आणायची.

"देतो," तो म्हणाला. "तेवढाच देतो."

तिने आपसूकच दोन्ही हात पुढे केले. तो ओढत गेला, लडी चढत गेली. राखाडी आला तसा त्याने तो तोडून बाजूला टाकला, आणि ती म्हणाली, "पोछा बांधा त्याचा." तो खरंच हसला. मग हिरवा आला, शेवटच्या थंडीतला, भिंगरीने दुकानात दोन तास लावून निवडलेला. ती हात इतके ताठ धरून बसली होती, जणू लडीत पाणी आहे आणि सांडेल.

पाठ उसवून झाली. त्याने सुया उचलल्या, रिकाम्याच, बोटांना सवय म्हणून. "किती टाके घालायचे ते ठरवून ठेवू," तो म्हणाला. "बाही कुठवर होती ग?"

"तुम्हाला माहीत. माप तुम्ही घ्यायचात."

माप तो लिफ्टमध्ये घ्यायचा. फूटपट्टीने नाही. लिफ्टच्या भिंतीवर मजल्यांची बटणं एकावर एक होती. दरवर्षी भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहायची, हात वर ताणायची, आणि जे बटण दाबलं जाईल ते तिचं त्या वर्षीचं माप. वर्षाला एक बटण. त्यावरून त्याच्या हातांना टाके कळायचे.

"सहावं," तो लगेच म्हणाला. चेहरा उजळला त्याचा. "त्या वर्षी सहाव्याला हात पोचला. बाजूला टाइपिस्टबाई होत्या, त्यांना उगाच सहाव्यावर जावं लागलं. बटण दाबल्यावर काय ओरडली होती, 'बाबा, मी सहाव्या मजल्याएवढी झाले.'"

"हो. घरी येऊन मला पण सांगितलं होतं." तिचे डोळे भरले, पण पुसायला हात मोकळे नव्हते. खांद्यालाच गाल घासत तिने विचारलं, "टाचा टेकवून, का उचलून?"

त्याने हात वर करून हवेतच एक बटण दाबून पाहिलं.

"लबाडी करायची ती," बायको म्हणाली. "टाचा उचलायची. चांगला एका बटणाचा फरक पडतो. आठवा ना. टेकवून होती का उचलून?"

त्याने डोळे मिटले. बटण दिसलं, गोल, कडेला पितळ उघडं पडलेलं. त्यावरचं तिचं बोट दिसलं, नखात अडकलेला निळा खडू दिसला. तो स्टुलावर बसला होता, मान वर करून. वरच बघत होता. आठवणीतच त्याने पुन्हा पुन्हा मान खाली घालून पाहिली. खाली तिचे पाय नव्हते, नुसती लिफ्टची फरशी होती.

"अहो?"

त्याने सुया जमिनीवर ठेवल्या, एकीला एक लावून.

"सांगा ना. मी विसरले असेन, तुम्हाला तर ठाऊक असेल. तुम्ही समोर होतात."

तो उठला. दारामागची चप्पल पायात सरकवली, एक नीट, एक टाचेखाली दाबलेली. ती तशीच बसून होती, दोन्ही हात पुढे, लडी मनगटांवर ताणलेली. 'नाही आठवत' हे तिला सांगवेना, म्हणून तो तिच्याकडे न बघता दाराबाहेर पडला, आणि जिना उतरू लागला.