झोळीबुवा आणि वाघीण

आमच्या काकाला प्राणिसंग्रहालयात सगळे वाघोबा म्हणायचे. अख्खी नोकरी त्याने वाघांच्या पिंजऱ्यांमागे काढली. सरकत्या दाराचा दांडा ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढला होता. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि साहेबांनी त्याला तळ्यावर धाडलं. पेलिकनांकडे.

काकू म्हणाली, "बरं झालं. आता तरी हातपाय शाबूत घेऊन घरी याल."

"अगं, वाघिणीसमोर माणूस आपोआप ताठ उभा राहतो. आणि हे बघ!" काकाने ओठ पुढे काढले, हनुवटी लोंबवली आणि बाकावरून उठून फताडी पावलं टाकत नक्कल केली. "मासा दिसला की आ, बादली दिसली की आ. परवा एकजण माझी टोपी गिळत होता!"

चोचीखाली लोंबणाऱ्या कातडी झोळीवरून त्या टोपीवाल्याचं नाव काकाने झोळीबुवा ठेवलं. शिव्या त्यालाच आणि रोजचा पहिला मासाही त्यालाच.

तळ्यावर आधीपासून काम करणारी एक ताई होती. गमबूट पायातून कधी उतरायचे नाहीत, म्हणून सगळ्यांची गमबूटताई. तिच्यापुढे काकाचं पालुपद चालूच असायचं. "वाघीण भुकेजली की सगळ्या बागेला कळतं. याचं तोंड एवढं थोरलं, पण आवाज? नावाला नाही!"

"मोठे झाले की ते जवळजवळ मुकेच असतात, काका."

"तेच म्हणतोय मी. कसला हा पक्षी!"

एका सकाळी झोळीबुवाने मासा उचलला, झोळीत घोळवला आणि खाली टाकला. दुसराही तसाच. गमबूटताई थबकली. "डॉक्टरीणबाईंना कळवू या."

"काही नको. पोट जड झालं असेल. वाघांना आम्ही आठवड्यातून एक दिवस मुद्दाम उपाशी ठेवायचो. आणि वाघीण रुसली ना, की मी दार लावून सरळ निघून यायचो. दुसऱ्या दिवशी हाडंसुद्धा शिल्लक ठेवायची नाही."

"हा वाघ नाहीये, काका."

"जनावराची भूक तू मला शिकवतेस?"

ती बादली उचलून पुढच्या पक्ष्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी झोळीबुवा काठावर ताठ उभा होता, पिसं चापूनचोपून बसवलेली. मासा त्याने तोंडात धरला नाही. "उभा बघ कसाय, राजासारखा," काका म्हणाला. तोही दिवस तसाच गेला.

त्यानंतरच्या दुपारी मी काकाचा डबा घेऊन गेले, तर तो काठावरच्या चिखलात पाय पसरून बसलेला. मांडीवर झोळीबुवा. डॉक्टरीणबाई सुई काढून घेत होत्या.

"काल चांगला होता हो," काका म्हणाला. "ताठ उभा होता."

"पक्षी असंच करतात. थव्यातला जो आजारी दिसतो त्याच्यावरच पहिली झडप पडते, म्हणून जमेल तेवढं लपवतात. आपल्याला दिसायला लागतं तेव्हा फार थोडं हातात उरलेलं असतं."

"वाघीण मला नुसत्या खांद्यांवरून कळायची."

"माहीत आहे, काका." त्यांना रागवायचं होतं, दिसत होतं. रागावल्या नाहीत.

"मग आता मी काय करू?"

"ऊब द्या. बसून राहा. औषध दिलंय, बाकी..." त्यांनी बॅगेची चेन ओढली.

काकाने पक्ष्याखाली हात सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बेशुद्ध वाघीण उचलायची तर आमचा सगळ्यांचा दम निघायचा. हा बघ गं. एवढा मोठा दिसतो, आणि वजनच नाही."

तेवढ्यात पलीकडून वाघिणीने डरकाळी फोडली. तिचं मटण उशिरा आलं असावं. एरवी काका गुडघे विसरून उठला असता. आज हललाच नाही.

"ओरड बाई," तो पुटपुटला. "तुला ओरडता तरी येतं."

बाकीचे पेलिकन बादलीभोवती आ वासून जमले होते. गमबूटताईने काकाकडे पाहिलं.

"टाक त्यांना," तो म्हणाला. "एकेकाला. गिळला का बघ, मगच पुढचा."

झोळीबुवाच्या गळ्याची पिवळी कातडी थरथरत होती. थांबायची, मग पुन्हा थरथरायची. काकाने एक बारका मासा त्याच्या चोचीशी धरला. चोच उघडली नाही.

"काका, जेवून घेता?" मी डबा पुढे केला.

"थांब जरा," मासा तसाच धरून तो म्हणाला. "हा खातोय का बघू दे."