सुषमा राहते त्या घराची चौकशी

सुषमा कोकरे शिक्रापुरात, आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात, पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आली तेव्हा बसलीच नाही. केंदूरच्या भिमाआप्पांची ही थोरली लेक. दौंडला बी.एड. करून इकडच्या एका इंग्लिश मिडियम शाळेत लागली होती. शाळेनं नोकरी देताना तिची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली आणि आता सोडत नव्हती. मी म्हणालो, बस, चहा घे. "बसायला न्हाई आले, मामा. कवा जायचं तेवढं सांगा." दुसऱ्याच दिवशी गेलो. संस्थाचालक माझ्याशी गोड बोलत होता आणि ही त्याच्या कपाटावरची नजर हलवत नव्हती. कागद घेऊनच परत आलो.

तीच सुषमा गेल्या वर्षी जॉर्जियाला गेली. अमेरिकेतलं नव्हे, दुसरं. रशियाच्या खालचा डोंगराळ देश. खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि गावातल्याच एका कुटुंबात राहायचं. जेवण, झोपणं त्यांच्याकडं. मी तेव्हाच विचारलं होतं, परक्या पोरीला फुकट कोण खायला घालतं? माझी सगळी हयात कंपन्यांच्या कामगारांत गेली. बिहारहून नवा माणूस उतरला की ठेकेदार पहिला आठवडा त्याला बिर्याणी खिलवतो, भाई-भाई करतो. मग हळूच त्याचं आधारकार्ड ठेकेदाराच्या खिशात जातं.

सुषमाचे पहिले फोटो आले ते असेच. लांबलचक टेबल, चीज भरलेल्या रोट्या, द्राक्षांचे घड. मधोमध सुषमा आणि तिच्या खांद्यावर हात टाकून एक पांढऱ्या केसांची दांडगी बाई. नानुली तिचं नाव, घर तिचंच. भिमाआप्पा सगळ्या गावाला फोन दाखवत फिरले. मी म्हणालो, बिर्याणी संपू द्या, मग बघू.

संपली. एके सकाळी आप्पा ऑफिसात आले आणि मोबाईल माझ्यापुढं सरकवला. व्हिडिओत सुषमा गमबूट घालून शेळ्यांच्या गोठ्यात, हातात बादली. मागं नानुली कमरेवर हात ठेवून उभी.

"मास्तरीण म्हणून धाडली व्हती, भाऊ," आप्पा म्हणाले. "आम्ही मेंढरामागं हिंडलो ते पोरीनं हिंडू नये म्हणून. परत ये म्हणू का? तुम्ही म्हणाल तसं."

बापानं 'ये' म्हटलं असतं तर ती आली असती. तिकडची नोकरी अर्ध्यावर सुटली असती आणि इकडं, शाळेकडनं मूळ कागद भांडून परत नेणाऱ्या मास्तरणीला कुठल्या शाळेनं दारात उभं केलं असतं? तिचं सगळं आता माझ्या तोंडच्या एका शब्दावर होतं. मी व्हिडिओ कॉल लावला.

"सुषमे, खोलीत कोण हाय?"

"नानुली. काय झालं, मामा?"

"तिला भाईर धाड. तुझ्याशी एकटीशी बोलायचंय."

ही माझी नेहमीची रीत. ठेकेदार समोर असताना कामगार खरं बोलत नाही. सुषमानं नानुलीला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बाई हलली नाही. खुर्ची ओढून फोनसमोरच बसली.

"इचारतीया, हा कोण? बाप हाय का?"

"बाप माझ्या शेजारी बसलाय म्हणावं."

"मग बापाला बोलू दे म्हणती. हा मधी का?"

माझा पारा चढला. "ते ऱ्हाऊ दे. तुझा पासपोर्ट कुणाकडं हाय?"

सुषमानं माझा प्रश्न तिला सांगितला तसा नानुलीचा चेहराच बदलला. ती टेबलावर बोट आपटत बराच वेळ बोलली. सुषमा आधी हसली, मग हसायची थांबली.

"मामा, पासपोर्टची चौकशी करणारी माणसं मला ठाऊक हायेत म्हणती. ती तुर्कस्तानात एका म्हातारीच्या घरी ऱ्हाऊन काम करायची. तिचा पासपोर्ट म्हातारीच्या लेकानं ठिवलेला. मी आले त्याच दिवशी तिनं मला कुलपाचं कपाट दिलं, किल्ली माझ्याकडंच. आन् दार लावून इचारलं, तुला कुणी धाडलं? पगार कुणाला द्यावा लागतो? अजून इचारती अधनंमधनं. आता म्हणती, हाच का तो?"

शेजारी भिमाआप्पा खोकल्यासारखं हसले. मी हसलो नाही.

"मी भाईर जाते म्हणती, मामा. पर तुम्ही बी जायचं. बापलेकीला बोलू दे."

आजवर मी कित्येक ठेकेदारांना खोलीबाहेर काढलं. त्यातला एकही स्वतःहून उठलेला मला आठवत नाही. नानुली मात्र उठून उभी राहिली होती आणि माझ्या उठण्याची वाट बघत होती. मी माझ्याच ऑफिसातून बाहेर पडलो. दाराला कान लावला, पण हायवेच्या ट्रकांपुढं काय ऐकू येतंय.

आप्पा बाहेर आले.

"काय म्हणाली?"

"ऱ्हाते म्हणली."

"आन् शेळ्या?"

"तिथली पोरं वर्गात त्वांडच उघडत न्हाईत म्हणं. गोठ्यात आली की इंग्रजीत भांडत्यात, म्हणून ही जाती. नानुली वरडती, पाहुणीनं बादली धरायची न्हाई म्हणून."

"पढवलेलं बोलत असंल."

"मी म्हणलं, परत ये. तर म्हणली, आप्पा, इचारताय का सांगताय?" आप्पांनी टोपी सारखी केली. "मी म्हणलं, इचारतोय. तर न्हाई म्हणली."

माझा संशय काही एवढ्यानं जात नाही. न कळवता, कधीही व्हिडिओ कॉल लावतो. मुद्दाम नानुलीच्या नंबरावर. ती उचलते, पण सुषमाला लगेच देत नाही. आधी बोट गोल फिरवते. म्हणजे मी कॅमेरा फिरवायचा, माझ्या खोलीत कोण कोण बसलंय ते दाखवायचं. मी फिरवतो. दारामागचा कोपरासुद्धा दाखवायला लावते, मगच सुषमाला हाक मारते.