ऑपरेटरबाईंचा फिश टँक

मी मासे विकतो, पण खायचे नव्हे. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी ऑपरेटरबाई मला अजून "मासेवाले" म्हणूनच हाक मारतात. ती हाकही अशी, की रस्त्यापलीकडचा चष्मेवाला काम सोडून मान वर करतो. नोकरीभर त्या एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात जन्म गेला, तेव्हा आता आपली पाळी, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

पहिल्यांदा दुकानात आल्या त्या भांडायलाच. टँक त्यांची मुलगी घेऊन गेली होती, पण ऐकून घ्यायला मी.

"मासेवाले, तुमचा फिल्टर घोरतो."

"पाणी कमी झालं असेल," मी म्हटलं. "रेघेपर्यंत भरा, गप्प बसेल."

"रोज भरते! मला नका शिकवू."

जिथे रोज पाणी भरलं जातं, तिथे फिल्टर घोरत नाही. पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघावं, त्यात वेळ कमी जातो. दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि गेलो.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग, पलंगावर त्यांचे यजमान. हे गृहस्थ शहरातली बस चालवायचे. निवृत्त होऊन जरा कुठे निवांत होतात तोच अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द मागे राहिला. तो शब्द म्हणजे "बस".

आता बस चालवणाऱ्या माणसाकडे "बस" हाच शब्द उरला, तर लोकांनी दुसरं काय समजायचं? बाई खोलीत आल्या, की हे म्हणायचे, "बस." बाईंचा भाऊ भेटायला आला, तर समजुतीने सांगायचा, "हो दाजी, बस डेपोत लावली आहे. तुम्ही काळजी करू नका." जुना कंडक्टर आला, की तोंडानेच दोनदा घंटी वाजवून दाखवायचा. सगळे हसायचे. ड्रायव्हर मात्र हसायचे नाहीत. हळूहळू त्यांनी बोलणं कमी केलं आणि एक दिवस सोडूनच दिलं.

बापाला पडल्या पडल्या काहीतरी हलतं डुलतं दिसावं, म्हणून मुलीने टँक घेतला. जागा नव्हती, तेव्हा तो पलंगासमोरच्या कपाटावर चढवला. बाई उंचीने बेताच्या. पाणी घालायचं तर स्टूल घ्यायचं, एका हाताने कपाट धरायचं आणि दुसऱ्या हाताने मग्गा डोक्याच्याही वर न्यायचा. पहिल्याच दिवशी त्या अशा चढल्या, चार-दोन मग्गे ओतले, आणि मागून आवाज आला, "बस."

बाईंनी पाहिलं, तर पाणी रेघेला आलेलं.

त्या दिवशी अख्ख्या इमारतीला बातमी कळली. ह्यांना सगळं समजतं! बस म्हणजे गाडी नाही, बस म्हणजे पुरे! बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तीही म्हणाली, की योग्य वेळी योग्य शब्द येतोय, फार चांगलं आहे, रोज बोलू द्या त्यांना. मग काय, रोजचा नेमच झाला. बादली, मग्गा, स्टूल, अर्धी मान मागे वळवलेली. ड्रायव्हर "बस" म्हणाले, की त्या थांबायच्या.

आणि इथेच माझ्या फिल्टरची वाट लागली. मी पाहिलं, तर पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

"हे बघा," मी म्हटलं. "अजून ओतायला हवं होतं."

"ह्यांनी बस म्हटलं."

"पण रेघ इथे आहे ना!"

"ह्यांनी बस म्हटल्यावरही मी ओतत राहायचं? मग त्यांच्या शब्दाला काय किंमत राहिली?"

काचेवर क्षारांचे पांढरे पट्टे सगळ्या उंचीवर पडले होते. एखाद्या दिवशी दोन मग्ग्यांतच "बस", एखाद्या दिवशी पाणी काठाला येईस्तोवर चकार शब्द नाही. मी ते दाखवलं. "नजर अधू झाली असेल," बाई म्हणाल्या. ड्रायव्हर आमच्याकडे टक लावून बघत होते. मला तरी ती नजर अधू वाटली नाही, पण मी मासेवाला, मला काय विचारता.

मग माझ्या लक्षात आलं, की टँकवर झाकणच नाही. काचेचं झाकण मी स्वतः मापाने कापून दिलं होतं. शोधलं तर पलंगामागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं. वर टेबलफॅनचं तोंड थेट पाण्याकडे.

"झाकण का काढलंत?"

"झाकण असलं की पाणी आटतच नाही हो."

"आटू नये म्हणूनच देतो आम्ही ते!"

"मग मी घालू काय?" बाई फणकारल्या. "आणि मी घातलंच नाही तर हे बस म्हणतील कशावर?"

माझा स्वभाव तापट. दुकानात रोज कुणाला तरी फाडून खातो. पण या वेळी मी फिल्टर सोडवायला घेतला. लोक पाणी आटू नये म्हणून धडपडतात. ही बाई नवऱ्याच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून पंखा लावून पाणी आटवत होती. मला तिची दया आली. मग जरा माझ्या माशांचीही आली. फिल्टर साफ करून मी निघालो.

पुढे व्हायचं तेच झालं. बाईंचा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, स्टूल बंद, मग्गा बंद. परगावी असलेल्या त्यांच्या मुलीचा मला फोन आला, "काका, आईचं काही ऐकू नका. पाणी आपोआप पडेल असं काहीतरी करा."

तसं ते काही मोठं काम नाही. टँकच्या वर भिंतीला फळी ठोकली, तिच्यावर झाकणाची बादली ठेवली. बादलीच्या बुडातून बारीक पाइप खाली टँकच्या काठाला आणला आणि टोकाला छोटा फ्लोट बसवला, कूलरमध्ये असतो तसला. पाणी उतरलं, की फ्लोट उतरतो आणि पाइपचं तोंड उघडतं, पाणी चढलं, की तो चढून तोंड बंद करतो. बादली मुद्दामच लहान घेतली, म्हणजे फ्लोट अडकला तरी घरात पूर यायचा नाही. ती भरायलाही बाईंना चढायला नको, स्वयंपाकघरातल्या नळापासून दुसरा पाइप आणून दिला. नळ सोडायचा, बादली भरली की बंद करायचा. झाकणाचा कोपरा पाइपपुरता कापून ते परत टँकवर ठेवलं. पंख्याचं तोंड फिरवलं. बाई हात गळ्यात बांधून दारात उभ्या होत्या. एवढा वेळ त्या गप्प राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. माझ्या कामावर मी खूश होतो.

काही दिवसांनी त्या दुकानात आल्या. हाक मारली नाही, काउंटरजवळ येऊन हळूच बोलल्या.

"ते काढा."

"गळतंय का?"

"नाही."

"मासे?"

"मासे मजेत आहेत. हे बोलत नाहीत." त्यांचा आवाज फाटला. "तुमचा तो फ्लोट आल्यापासून एक शब्द नाही. मी मग्गा दाखवते, बादली दाखवते, बस म्हणा म्हणते. नुसते बघतात. एकच शब्द होता हो माझ्या घरात. तोही तुम्ही बंद केलात."

खांद्याचं काय, मुलीचं काय, असं मी विचारून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा पकड आणि फडकं घेऊन निघालो.

मी काठावरचा पाइप सोडवत होतो. बादली खाली घ्यायची होती, पण बाईंना धीर कुठला? "मी देते," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं आणि चढल्यासुद्धा. एक हात गळ्यात, दुसरा फळीकडे. स्टूल डगमगलं.

"उतरा खाली! मी घेतो!" मी ओरडलो.

"बस!" पलंगावरून आवाज आला.

बाई होत्या तिथे थिजल्या. मग त्यांचं तोंड उजळलं. "बोलले! ऐकलंत ना? बोलले!" आणि लगेच गोंधळल्या. "पण अहो, मी अजून पाणी कुठे घालतेय? टँक तर भरलेलाच आहे."

"बस." आता ड्रायव्हर चिडले होते. त्यांचा डावा हात गादीवर आपटत होता, आपल्याच शेजारी, एकाच जागी. बाईंनी टँककडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. त्या सगळीकडे बघत होत्या, फक्त त्या हाताकडे सोडून.

माझ्याच्याने राहवेना. "अहो बाई, पाण्याला नाही, तुम्हाला म्हणतायत ते! बसा!"

त्या उतरल्या. पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हात थांबत नव्हता. मग त्या हळूच गादीच्या कडेला टेकल्या, आणि ड्रायव्हरांनी तो हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ड्रायव्हरांच्या कपाळावरची आठी गेली.



"मी कामावरून आले, की माझं आत-बाहेर सुरू व्हायचं," बाई म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःशीच, कळलं नाही. "आणि हे म्हणायचे, बस गं. रोज म्हणायचे. मी कधी बसले नाही." पदराने त्यांनी डोळे पुसले, पण उपयोग झाला नाही. "आता तो 'गं' तेवढा गेला, आणि मला ओळखूच आलं नाही."

मी सुटलेला पाइप हातात धरून उभा होतो. त्यातून थेंब थेंब फरशीवर पडत होते. कुठे बघावं ते कळेना, म्हणून कामाचं विचारलं.

"मग, फ्लोट काढायचा ना?"

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला आता उठायचं नाहीये."